इटलीतील निवांत सायकलमार्ग : द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आणि नदीखोरी

इटलीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भूभाग डोंगराळ किंवा टेकड्यांचा असून सपाट जमीन चौथ्या हिश्शापेक्षाही कमी आहे, आणि ती बहुतांशी उत्तरेकडील पो नदीच्या खोऱ्यात एकवटलेली आहे. कारखाने, मोठी शहरे, मालवाहतूक आणि महामार्ग यांनी ही मैदाने आणि नद्यांच्या खोऱ्यांचे तळ व्यापले असल्याने सायकलस्वाराला हवी असलेली शांतता प्रायः उंचावर, जुन्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर सापडते. ही गावे टेकड्यांच्या माथ्यावर वसण्यास संरक्षणाची गरज हे एक कारण होते, तर दलदलीच्या सखल भागात पसरणारा हिवताप हे दुसरे. त्यामुळे त्यांना जोडणारे रस्तेही तळातून न जाता डोंगरधारेवरून काढले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीने जलदगती महामार्गांचे जाळे विणले, त्यातील मिलान ते नेपल्स हा कणा १९६४ मध्ये पूर्ण झाला, आणि दूरची वाहतूक या नव्या रस्त्यांनी उचलल्यावर धारेवरचे जुने रस्ते स्थानिक लोकांपुरते उरले. म्हणून इटलीत निवांत रस्ता शोधणाऱ्याने प्रसिद्ध ठिकाणांची यादी हाती घेण्याआधी रस्त्यांचा हा इतिहास आणि नकाशा वाचण्याची रीत समजून घेणे अधिक फलदायी ठरते.

इटलीतील मुख्य रस्त्यांना त्यांच्या दर्जानुसार अक्षरे व क्रमांक दिलेले असतात. ‘आ’ हे अक्षर आणि हिरवी पाटी म्हणजे आउतोस्त्रादा, अर्थात पथकर घेणारा जलदगती महामार्ग, ज्यावर सायकलीला पूर्ण बंदी असते. ‘एसएस’ म्हणजे राष्ट्रीय मार्ग, ‘एसआर’ म्हणजे प्रादेशिक मार्ग, ‘एसपी’ म्हणजे प्रांताच्या अखत्यारीतला मार्ग, आणि त्याखाली नगरपालिकेच्या ताब्यातील गावरस्ते येतात. सायकलस्वाराने सामान्यतः शेवटच्या दोन दर्जांचे रस्ते धरावेत, परंतु केवळ अक्षरावर विसंबू नये, कारण या शतकाच्या आरंभी अनेक राष्ट्रीय मार्ग प्रदेशांकडे व प्रांतांकडे सोपवले गेले आणि एकच रस्ता जुन्या नकाशात एका नावाने व नव्यात दुसऱ्या नावाने दिसतो. फ्लोरेन्सहून किआंतीच्या टेकड्यांतून सिएनाला जाणारा २२२ क्रमांकाचा किआंतिजाना मार्ग हे त्याचे उदाहरण होय. याशिवाय ‘सुपरस्त्रादा’ म्हणून ओळखले जाणारे, पथकर नसलेले पण दुभाजक असलेले वेगवान रस्ते असतात. त्यांच्या तोंडाशी लाल कडेच्या गोल पाटीवर सायकलीचे चित्र असते आणि त्याचा अर्थ प्रवेश निषिद्ध असा आहे, तर निळ्या गोल पाटीवरील सायकल ही सायकलींसाठी राखलेल्या मार्गाची खूण आहे. मार्ग सुचवणारी मोबाइलवरील साधने हा भेद बहुधा पाळतात, तथापि बोगद्यांच्या बाबतीत त्यांच्यावर संपूर्ण भरवसा टाकणे धोक्याचे ठरते.

अक्षरे आणि क्रमांक यांच्याइतक्याच समोच्चरेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, महत्त्वाच्या आहेत. दोन गावांच्या मध्ये तीन रस्ते असतील तर त्यांतील खोऱ्याच्या तळाचा रस्ता सर्वांत सरळ आणि म्हणून सर्वांत गजबजलेला असतो, उताराच्या मध्यावरून जाणारा रस्ता प्रत्येक ओहोळापाशी आत वळतो, आणि धारेवरचा रस्ता एकदा उंची गाठल्यावर बराच वेळ ती टिकवून धरतो व दोन्ही बाजूंची खोरी दाखवतो. चढण्याची तयारी असलेल्याने तिसरा रस्ता निवडावा. त्याचे मोल एकदाच, सुरुवातीच्या चढात चुकवावे लागते.

या रीतीची प्रचिती वायव्येकडील पिएमोंते प्रदेशातल्या लांगे टेकड्यांवर जितकी स्पष्ट येते तितकी अन्यत्र क्वचितच येईल. तानारो, बेल्बो आणि बोर्मिदा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या या टेकड्या प्राचीन सागरतळावर साठलेल्या चुनखडीमिश्रित मातीच्या आणि वाळूच्या असून, शेजारच्या रोएरो व मोन्फेर्रातो या भागांसह येथील द्राक्षमळ्यांच्या भूदृश्याला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही विख्यात मद्यांसाठी नेब्बिओलो ही एकच द्राक्षजात वापरली जाते, आणि ती उशिरा, बहुधा ऑक्टोबरमध्ये पक्व होत असल्याने टेकड्यांचा दक्षिणाभिमुख उतार तिच्यासाठी राखलेला दिसतो. आल्बा हे येथील मुख्य गाव तानारोच्या काठी, समुद्रसपाटीपासून पावणेदोनशे मीटरांच्या आसपास वसले आहे, तर ला मोर्रा हे धारेवरचे गाव पाचशे मीटरांच्या वर आहे. या फरकावरूनच दिवसभरात किती चढावे लागेल याची कल्पना यावी. आल्बाहून बारोलोकडे जाणारा तळाचा रस्ता अवजड वाहनांनी भरलेला असतो, कारण १९४६ मध्ये आल्बात स्थापन झालेल्या आणि आज जगभर पसरलेल्या फेर्रेरो या चॉकलेट उद्योगासह बरेच कारखाने याच पट्ट्यात आहेत. म्हणून आल्बातून निघून दियानो द’आल्बा आणि ग्रिंत्साने कावूर या गावांमार्गे सेर्रालुंगा द’आल्बाची धार धरावी. ग्रिंत्सानेच्या किल्ल्याचा संबंध एकीकृत इटलीचे पहिले पंतप्रधान कामिल्लो कावूर यांच्याशी आहे, ज्यांनी तरुणपणी याच गावाचे नगराध्यक्षपद सतरा वर्षे भूषवले. सेर्रालुंगाच्या पुढे रोद्दिनो आणि बोस्सोलास्कोकडे चढताना द्राक्षांचे मळे मागे पडतात, हेझलनटच्या बागा सुरू होतात आणि वाहने जवळपास नाहीशी होतात. या उंच भागाला आल्ता लांगा म्हणतात. तेथून मुरात्सानोमार्गे दोलियानीस उतरून, मोन्फोर्ते, बारोलो आणि ला मोर्रा या गावांवरून आल्बाला परतणारा फेरा कसलेल्या सायकलस्वाराच्या एका दिवसात बसतो, मात्र बारोलोत रेंगाळायचे असेल तर त्याचे दोन दिवस करणे शहाणपणाचे आहे.

आल्ता लांगामधील या शांततेमागे एक दुःखाचा इतिहास आहे आणि तो जाणल्याशिवाय त्या रस्त्यांवरून जाणे अपुरे ठरते. युद्धोत्तर काळात हलक्या जमिनीवर पोट भरेनासे झालेले शेतकरी तोरिनोच्या मोटार कारखान्यांत आणि आल्बाच्या उद्योगांत कामाला गेले, व डोंगरावरची गावे हळूहळू रिकामी झाली. बेप्पे फेनोलियो या आल्बाच्या लेखकाने आपल्या कथा-कादंबऱ्यांतून या भागाचे दारिद्र्य मांडले, तर नूतो रेव्हेल्ली यांनी कूनेओ प्रांतातील शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती १९७७ च्या आपल्या ग्रंथात नोंदवल्या. अशा गावांत एखादेच किराणा दुकान तग धरून असते, आणि तेथे पाव, चीज किंवा फळे विकत घेणाऱ्या प्रवाशाचा त्या दुकानाला खरा आधार असतो. सायकलस्वाराने सारी शिदोरी शहरातील मोठ्या बाजारातून बांधून आणू नये. आणीबाणीपुरते खाणे जवळ ठेवून उरलेली खरेदी वाटेतल्या गावांत करावी.

तोस्काना प्रदेशात निवांत रस्त्यांचे स्वरूप निराळे आहे. येथे सिएनाच्या दक्षिणेस व पूर्वेस आजही शेकडो किलोमीटरचे डांबर नसलेले रस्ते टिकून आहेत, ज्यांवर फिकट पांढरट खडी पसरलेली असते आणि ज्यांना स्त्रादे बियांके, म्हणजे पांढरे रस्ते, म्हणतात. हे रस्ते ‘मेत्साद्रिया’ या पद्धतीतून उभे राहिले. जमीनदाराच्या जमिनीवर कुटुंबाने राहून शेती करावी आणि पीक दोघांनी वाटून घ्यावे अशी ही अर्धेलीची रीत होती, आणि विखुरलेल्या प्रत्येक शेतघरापर्यंत एक वाट जात असे. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी आली, कुटुंबे शहरांकडे गेली, आणि ज्या वाटांवर रहदारीच उरली नाही त्यांना डांबर घालण्याची निकड कोणाला वाटली नाही. पुढे जेव्हा हे पांढरे रस्ते धोक्यात आले तेव्हा त्यांचे रक्षण करण्याचा हेतू मनात धरून जांकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ मध्ये किआंतीतील गायोले या गावी ‘लेरोइका’ हा जुन्या सायकलींचा मेळावा सुरू केला, ज्यात १९८७ पूर्वीच्या धाटणीच्या सायकलींनाच प्रवेश असतो. त्यातूनच २००७ पासून ‘स्त्रादे बियांके’ ही व्यावसायिकांची शर्यत उभी राहिली व ती सिएनाच्या पियात्सा देल काम्पो या शिंपल्याच्या आकाराच्या चौकात संपते. मेळाव्याचा २०९ किलोमीटरचा फेरा कायमस्वरूपी पाट्यांनी आखलेला असल्याने कोणालाही तो वर्षातील कोणत्याही दिवशी, तुकड्यातुकड्यांनी पुरा करता येतो, आणि नवख्या परदेशी सायकलस्वारासाठी त्या पाट्या हा उत्तम वाटाड्या आहे.

तोस्कानात वेळ थोडा असल्यास किआंतीपेक्षा सिएनाच्या आग्नेयेकडचा भाग निवडावा, कारण किआंतिजाना मार्ग सुंदर असला तरी सुटीच्या दिवशी त्यावर मोटारसायकलींची आणि पर्यटकांच्या गाड्यांची वर्दळ असते. सिएनाहून आस्चानोला जाणारा ४३८ क्रमांकाचा प्रांतिक मार्ग, ज्याला लाउरेताना म्हणतात, क्रेते सेनेसी या राखाडी चिकणमातीच्या उघड्या टेकड्यांतून जातो; तेथे सावली जवळपास नाही, म्हणून उन्हाळ्यात हा टप्पा सकाळीच उरकावा. त्याच्या दक्षिणेस वाल दोर्चा हे २००४ पासून जागतिक वारसा ठरलेले खोरे आहे, ज्यातील मोंताल्चिनो हे गाव ब्रुनेल्लो या मद्यासाठी, पिएन्त्सा हे पोप पायस दुसरे यांनी आपल्या जन्मगावाच्या जागी पंधराव्या शतकात उभारलेल्या नियोजनबद्ध नगरासाठी, आणि बान्यो विन्योनी हे चौकाच्या जागी असलेल्या ऊन पाण्याच्या कुंडासाठी ओळखले जाते. मोंताल्चिनोहून सांत’आन्तिमोच्या मठाकडे उतरून कास्तिल्योने द’ओर्चामार्गे बान्यो विन्योनी आणि तेथून पिएन्त्सा असा मार्ग आखल्यास कास्सिया या मुख्य रस्त्याशी संबंध अगदी थोडा येतो. पावसानंतर मात्र येथील पांढरे रस्ते टाळावेत, कारण ओली चिकणमाती टायर आणि चौकट यांच्यामध्ये अडकून चाक फिरेनासे होते.

ज्यांना चढ नको आहेत, ज्यांच्यासोबत मुले किंवा वडीलधारी माणसे आहेत, त्यांच्यासाठी आल्प्समधील दोन खोरी उत्तम. त्यातील वाल वेनोस्ता हे खोरे जर्मनभाषक दक्षिण तिरोलमध्ये, पहिल्या महायुद्धानंतर इटलीत आलेल्या प्रांतात आहे. दीड हजार मीटर उंचीवरील रेझिया खिंडीजवळच्या जलाशयातून बुडालेल्या गावाच्या चर्चचा मनोरा अजूनही वर डोकावतो. तेथून निघणारा राखीव सायकलमार्ग आदिजे नदीच्या सोबतीने, सफरचंदांच्या बागांतून, सव्वातीनशे मीटरांवरील मेरानो शहरापर्यंत सतत उतरत जातो आणि पुढे बोल्त्सानो, त्रेंतो व वेरोनाकडे वळतो. मेरानो ते मालेस हा लोहमार्ग २००५ मध्ये पुन्हा सुरू झाल्याने वर रेल्वेने जाऊन खाली सायकलने येण्याची सोय झाली, मात्र निघण्याआधी चालू वेळापत्रक पाहून घ्यावे. या मार्गावर मोटारी नसतात, पण सायकलस्वारांची गर्दी असते, विशेषतः ऑगस्टमध्ये. एकांत हवा असेल त्याने दुसरीकडे जावे.

दुसरे खोरे म्हणजे लोंबार्दियातील वाल्तेल्लिना, जेथे कोमो सरोवराच्या काठच्या कोलिकोपासून बोर्मियोपर्यंत आद्दा नदीच्या कडेने ११४ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. तिरानोपर्यंत तो सौम्य असून त्यापुढे खरा चढ लागतो. खोऱ्याच्या उत्तर बाजूच्या सूर्याभिमुख उतारावर नेब्बिओलो द्राक्षाचे मळे दगडी पायऱ्यांवर उभे आहेत, आणि त्या पायऱ्यांचे बांध चुना किंवा सिमेंट न वापरता नुसते दगडावर दगड रचून, म्हणजे कोकणात ज्याला गडगा म्हणतात त्या पद्धतीने घातलेले आहेत. ही कला इटलीसह अनेक देशांच्या नावे २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. मळ्यांच्या मधून जाणारी, मोर्बेन्यो ते तिरानो अशी सुमारे सत्तर किलोमीटरची दुसरी वाट अधिक दमवणारी असली तरी मुळीच चुकवू नये अशी आहे. येथे दुपारी ‘ब्रेव्हा’ नावाचा वारा सरोवराकडून खोऱ्यात वर वाहतो, कारण तापलेल्या उतारांवरची हवा वर चढते व तिची जागा घेण्यासाठी खालची हवा ओढली जाते. त्यामुळे कोलिकोहून पूर्वेकडे निघणाऱ्यास दुपारी वारा पाठीशी मिळतो आणि उलट दिशेने येणाऱ्यास तोच वारा थकवतो. मध्य इटलीतील उम्ब्रियात स्पोलेतो ते नोर्चा हा १९२६ ते १९६८ या काळात चालू असलेला आणि नंतर बंद पडलेला लोहमार्गही सायकलवाट झाला आहे, तथापि त्यावर खडी आणि जवळपास दोन किलोमीटर लांबीचा एक बोगदा असल्याने रुंद टायर आणि चांगला दिवा हवाच.

ऋतूचा विचार करता एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हे दोन काळ सर्वाधिक अनुकूल आहेत. पंधरा ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ या सणाच्या आगेमागे सारी इटली सुटीवर असते, त्यामुळे सरोवरे व खिंडी भरून जातात आणि खेड्यांतील दुकाने बंद राहतात. द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम भूदृश्य पाहण्यास उत्तम खरा, पण त्या दिवसांत अरुंद वळणांवर ट्रॅक्टर आणि त्यांच्या चाकांनी आणलेला चिखल यांपासून सावध असावे. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो; मंगळवार व शुक्रवार या दोन दिवशी शिकारीस कायद्याने मनाई असल्याने जंगलातील वाटा त्या दिवसांसाठी राखून ठेवाव्यात. दिवसाच्या घडीतही निवड करता येते, कारण दुपारी एक ते तीन हा जेवणाचा वेळ इटालियन लोक कसोशीने पाळतात आणि त्या दोन तासांत ग्रामीण रस्ते कमालीचे ओस पडतात. फक्त त्याच वेळी दुकानेही बंद असतात हे लक्षात ठेवून पाण्याची व खाण्याची तजवीज आधी करावी. गावातील सार्वजनिक नळावर ‘नॉन पोताबिले’ असे लिहिले असल्यास ते पाणी पिऊ नये.

सह्याद्रीच्या घाटांत सराव केलेल्या महाराष्ट्रातील सायकलस्वारांनी एका फरकाची नोंद घ्यावी. पसरणी किंवा ताम्हिणीसारख्या घाटात एकच लांब चढ एका लयीत चढता येतो, उलट तोस्काना आणि लांगे येथे एक-दोन किलोमीटरांचे तीव्र चढ दिवसभर एकामागून एक येत राहतात आणि त्यांची तीव्रता दहा टक्क्यांपलीकडे, म्हणजे आडव्या शंभर मीटरांमागे दहा मीटरांहून अधिक, सहज जाते. ते पार करण्यासाठी पुढची लहान दातेरी चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी चकतीही तितक्याच दातांची असावी. डांबरी रस्त्यांसाठी २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर पुरतात, पांढऱ्या रस्त्यांसाठी ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे बरे. वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि थकल्यावर डावीकडे वळण्याची जुनी सवय उफाळून येते, म्हणून चौकाचौकात जाणीवपूर्वक विचार करून वळावे.

इटलीच्या वाहतूक कायद्यानुसार गावाबाहेर सायकली एकामागून एक चालवणे बंधनकारक आहे, आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत गावाबाहेर, तसेच बोगद्यांत कोणत्याही वेळी, प्रकाश परावर्तित करणारे जाकीट घालावे लागते. एप्रिल २०१७ मध्ये मिकेले स्कार्पोनी हे नामवंत शर्यतपटू आपल्या गावाजवळ सराव करताना गाडीच्या धडकेने मृत्युमुखी पडले, त्यानंतर सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर राखण्याची मागणी तीव्र झाली आणि २०२४ च्या अखेरच्या सुधारणेत ती, परिस्थिती अनुमती देईल तेथे, या अटीसह कायद्यात आली. द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात मद्याची चव घेण्याचे आमंत्रण पावलोपावली मिळते; मद्यपानाची कायदेशीर मर्यादा सायकलस्वारालाही लागू असल्याने ती चव मुक्कामी पोहोचल्यावरच घ्यावी. शाकाहारी प्रवाशाची आबाळ होत नाही, कारण वाल्तेल्लिनात कुट्टूच्या पिठाचे, कोबी व बटाटा घातलेले पित्सोक्केरी आणि सिएनाकडे टोमॅटो-लसणाच्या रसातले पिची मिळतात. पार्मेसानसारखी जुनी चीज मात्र वासराच्या जठरातील विकराने विरजलेली असतात, हे कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी जाणून असावे. स्थानिक रेल्वेगाड्यांत, ज्यांच्या वेळापत्रकावर सायकलीचे चिन्ह असते त्यांत, थोडा अधिभार भरून सायकल नेता येते. भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतोच, परंतु सायकल चालवताना झालेल्या इजेचा त्यात समावेश आहे का, हे अर्ज करतानाच लेखी विचारून घ्यावे.

पहिल्याच खेपेस इटलीत सायकल चालवणाऱ्याने सप्टेंबरमध्ये वाल वेनोस्ता किंवा वाल्तेल्लिना येथे तीन-चार दिवस घालवून उजव्या बाजूच्या वाहतुकीची सवय करून घ्यावी आणि मगच लांगेची धार गाठावी. पांढऱ्या रस्त्यांचा बेत दुसऱ्या प्रवासासाठी, शक्यतो मे महिन्यात, स्वतंत्रपणे आखावा.